मिशीआड राहिलेलं वाक्य

मी तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. माझा आवाज शेवटच्या सीटवर घोरणाऱ्या माणसाला उठवायचा. बाई गाडीत असल्या की हॉर्नची गरज नाही, असं आमचे ड्रायव्हर म्हणायचे. आणि रिटायर झाल्यावर मी राहायला आले कुणाकडे, तर ज्याला अजिबात ऐकू येत नाही अशा माझ्या थोरल्या भावाकडे. देवालाही कधी कधी चेष्टा करायची लहर येते.

दादाचे कान एका दिवसात गेले नाहीत. सुतारकामाचा कारखाना, चाळीस वर्षं रंधा मशीन आणि गोल करवत कानाशी. हळूहळू कमी कमी होत बारा वर्षांपूर्वी उरलंसुरलंही गेलं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. त्यात नुसती खरखर ऐकू येते म्हणून त्याने ते खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं. घरात मात्र त्यामुळे फारसं काही अडलं नाही. कारखाना मूळचा आमच्या वडिलांचा. आम्ही दोघं तिथेच वाढलो, आणि मशीन चालू असताना तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. मग ओठ बघून बोलायचं. आवाज काढायचाच नाही, कारण काढून उपयोग नाही. जेवायला चल, बारीक पटाशी दे, दारात गिऱ्हाईक उभं आहे, सगळं नुसत्या ओठांनी.

दादाची मुलगी तर बोलायलाच तिथे शिकली. दिवसभर भुशात तुरुतुरु फिरायची म्हणून मुंगी हे नाव पडलं, ते काही सुटलं नाही. आज छत्तीस वर्षांची बाई आहे, शाळेत शिकवते, स्वतःचा संसार आहे, तरी आमच्यासाठी मुंगीच. बापाशी ती अजूनही आवाज न काढता बोलते. तिच्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर वाटायचं, या बापलेकींचं पटत नाही, दोघं एकमेकांकडे नुसती बघत बसतात.

आमच्या या पद्धतीचा एक तोटा आहे. या घरात तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सोय नाही. मी भाजी चिरताना कुणाला शिवी घातली तर पलीकडच्या खोलीतून दादा विचारतो, कोणाला गं? दुसरा तोटा बाहेरच्या माणसांचा. त्यांचे ओठ दादाला धड वाचता येत नाहीत. कुणी घाईत बोलतं, कुणी खाली मान घालून बोलतं. पण समजलं नाही असं म्हणेल तर तो दादा कसला. तो मान हलवतो. अशी मान हलवून हलवून आमच्याकडे दोन इस्त्र्या आल्या आहेत आणि एका मासिकाची तीन वर्षांची वर्गणी गेली आहे. म्हणून कोणी आलं की मी शेजारी उभी राहते आणि समोरच्याचं बोलणं ओठांनी दादाला सांगते. ते माझं काम.

आठ महिन्यांपूर्वी मुंगी नवऱ्याच्या नोकरीपायी लांब गेली, विमानाशिवाय गाठता येणार नाही इतकी लांब. तेव्हापासून बापलेकींचं धड बोलणं नाही. आमचं घर कारखान्याच्या वर, गोदामांच्या मागे, रस्ता संपतो तिथे. घरात मोबाईलला रेंज नाही. फाटकापाशी जाऊन उभं राहिलं तर आवाज येतो, चित्र येत नाही. मला आवाज पुरतो. दादाने फाटकापाशी उभं राहून काय करायचं? लिहायचं म्हणाल तर त्याचे मेसेज दोन शब्दांपलीकडे जात नाहीत. ‘जेवलो.’ ‘ठीक आहे.’ ‘पाऊस.’ मुंगी तिकडून पानभर लिहायची आणि उत्तर यायचं, ‘बरं.’

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मुंगीचा फोन आला, मी नेहमीप्रमाणे फाटकाला टेकून घेतला. तिच्या गळ्यात गाठ होती हे आम्हाला माहीत होतं. ती काढायचं ठरलं होतं, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी. बापाला तिने ‘छोटं ऑपरेशन’ एवढंच कळवलं होतं. मला त्या दिवशी खरं सांगितलं. आवाजाची नस त्या गाठीला चिकटून जाते. डॉक्टर जपून करतील, पण नसेला धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो किंवा कायमचा बदलू शकतो. शाळेतली बाई ती, तिचा सगळा दिवस आवाजावर चालतो. फोनवर ती खूप रडली. मी सांगू का दादाला, असं विचारलं तर एकदम थांबली.

“तू नाही सांगायचंस, आत्या. लिहून तर मुळीच नको,” ती म्हणाली. “मी सांगेन, त्यांच्यासमोर बसून. बाबांशी बोलल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही.”

बुधवारी संध्याकाळी सात वाजता तिला दाखल व्हायचं होतं, मग फोन बंद. म्हणजे बुधवारी सातच्या आत दादाला तिचे ओठ दिसायला हवेत, आणि नीट दिसायला हवेत. मी शब्द दिला. डेपोत माझ्या ओळखीच्या ऑफिसात दादाला नेता आलं असतं, पण असलं बोलणं दहा माणसांच्या घोळक्यात करायचं असतं का? नेट घरातच यायला हवं होतं.

पुढचे दहा दिवस मी घरात तोंडावर फडकं बांधून वावरले, दादाला काही सांगायचं असलं की तेवढ्यापुरतं खाली ओढायचे. धूळ फार झाली आहे म्हणून दादाला सांगितलं आणि सगळी कपाटं झाडायला काढली. खरं कारण हे, की माझे ओठ माझ्या ताब्यात नाहीत. मनात जे घोळतं ते ओठांवर येतं, आणि या घरात ओठांवर आलं की फुटलंच.

केबल कंपनीने हात वर केले. आमची तार कोपऱ्यावर संपते, पुढे येणार नाही, असं त्यांच्या माणसाने सांगितलं. मग मला कळलं की दुसरंही एक असतं. टॉवरवरून नेट हवेतून येतं, गच्चीवर एक चपटा पांढरा डबा लावायचा, तो ते पकडतो आणि तारेने घरात सोडतो. मी लगेच नाव नोंदवलं, आणि ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी सकाळी वायफायवाले आले.

पन्नाशी उलटलेले, अंगाने भरलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दोन जिने चढून आल्यावर पाच मिनिटं नुसते श्वास घेत उभे राहिले. आणि मिशी अशी, की वरचा ओठ तर दिसतच नव्हता आणि खालचाही निम्मा गायब. चहा दिला तर बशीत उरला त्यापेक्षा जास्त मिशीला लागला. माणूस मात्र शांत. माझ्यासारखीला अशी शांत माणसं डोक्यात जातात, पण काम चोख होतं हे कबूल करायला हवं.

गच्चीवर त्यांनी कठड्याला लोखंडी पाइप आवळला, त्यावर डबा बसवला आणि तो बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत हातातल्या मोबाईलवर आकडा बघत राहिले. पाण्याची टाकी मध्ये येत होती. दुसऱ्या कोपऱ्यात पाइप हलवला. पुन्हा फिरवाफिरव. मी शेजारी उभी राहून त्यांचं प्रत्येक वाक्य दादाला सांगत होते. डब्याला टॉवर समोर दिसला पाहिजे, मध्ये काही नको. दादाला हे पटलं. आकडा चांगला आला तसा त्याने कानामागची पेन्सिल काढून पाइपवर बारीक रेघ मारली, डबा हलला तर पुन्हा तिथेच आणता यावा म्हणून. भिंतीला भोक पाडून तार आत घ्यायच्या आधी त्यांनी तारेला खाली एक झोळ दिला, पावसाचं पाणी तारेवरून ओघळून तिथेच गळावं म्हणून. दादाने त्या झोळाकडे बघून मला ओठांनी सांगितलं, माणसाला काम येतं. दादाच्या तोंडून असं ऐकायला लोकांची अर्धी हयात जाते.

खाली दिवाणखान्यात एक काळं ठोकळ्यासारखं अडॅप्टर होतं. त्याला दोन भोकं. एकातून वरच्या डब्याला वीजही जाते आणि त्याच तारेने नेट खालीही येतं. दुसऱ्यातून ते राउटरला जातं. ही दोन भोकं कधी उलटसुलट करू नका, नाहीतर राउटर जळेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी दादाला तीनदा. मग राउटर, चार शिंगांचा. दिवे लागले. माझ्या मोबाईलवर आमच्या घराचं नाव आलं. पासवर्ड दादाने ठरवला, कारखान्याच्या दाराची लांबी-रुंदी-जाडी, कारण ते माप तो झोपेतही विसरणार नाही.

आणि इथे मी चुकले. नेट आलं हे बघून मला राहवेना. मुंगीला कधी एकदा सांगते असं झालं. वायफायवर फोन करायचा हे डोक्यातच आलं नाही, आठ महिन्यांची सवय, मी धावत सुटले ती थेट फाटकापाशी. तिला म्हटलं, आलं बाई एकदाचं. ती हसली, रडली, पुन्हा हसली. सोमवारी एकदा चित्र नीट येतं का बघून घेऊ आणि बुधवारी साडेपाचला निवांत बोलू, असं ठरलं. मी परत आले तर वायफायवाले पिशवी आवरत होते आणि दादा मान हलवत होता. सगळं समजलं ना, मी विचारलं. हो म्हणाले दोघं. मी कागदावर सही केली.

रविवारी सकाळपासून कारखान्यात खुडबुड चालू होती. हल्ली दादा मोठी कामं घेत नाही, पण हात शिवशिवले की जाऊन बसतो. संध्याकाळी त्याने मला बोलावलं. भिंतीवर, राउटरच्या जागी, एक कपाटुली. जुन्या सागवानाची, जपून ठेवलेल्या फळ्यांची. कोपऱ्यात एक खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. छोटं दार, पितळी बिजागऱ्या, कडी, तारेसाठी मागे बरोबर तेवढी खाच, हवा खेळायला खाली ओळीने भोकं. दार उघडून दाखवलं तर आत सगळीकडून पत्रा ठोकलेला, कडा वळवून, हात कापू नये असा. राउटर हाताला गरम लागला म्हणून. फार वर्षांपूर्वी तापलेल्या मोटरने भुसा पेटला होता आणि अर्धा कारखाना गेला होता. तेव्हापासून गरम लागणारी कुठलीही वस्तू दादाला लाकडाजवळ चालत नाही. राउटर आत, शिंगं आडवी केलेली, दार बंद.

इतकी देखणी वस्तू आमच्या घरात दुसरी नाही. तो प्लॅस्टिकचा डबा मुंगीला आपल्यापर्यंत आणणार म्हणून त्याला असं घर बांधलं होतं. मी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि मला भरून आलं, तेही फडक्याआड लपवलं.

सोमवारी फोन लावला. मुंगीचा चेहरा आला आणि दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाच सेकंद. मग मुंगी तोंड अर्धवट उघडून गोठली. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. मग एकदम हलली, पुढे कुठेतरी पोहोचली, पुन्हा गोठली. मला त्याचं काही नव्हतं, तिचा नवरा मागून बोलत होता ते ऐकू येत होतं, चित्र अडकलं तरी आवाज तुटक का होईना पुढे सरकत होता. दादाला मात्र चित्र अडकलं की वाक्यच गेलं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, मोबाईल नाकाशी नेला. शेवटी म्हणाला, हिचे ओठ मला लागत नाहीत. दहा मिनिटं झगडून त्यानेच फोन बंद केला.

“राहू दे,” तो म्हणाला. “छोटं तर ऑपरेशन आहे. झाल्यावर बोलू निवांत.”

त्याच क्षणी सगळं सांगून टाकावं असं वाटलं. फडकं नाकावर ओढून मी स्वयंपाकघरात गेले.

मंगळवार माझा असा गेला की विचारू नका. सगळं बंद केलं, चालू केलं. सगळ्या तारा दाबून बघितल्या. कपाटुलीच्या भोकांतून डोकावले, दिवे सगळे हिरवे. मग राग वरच्या डब्यावर निघाला. काठी घेऊन गच्चीवर गेले, म्हटलं जरा फिरवून बघते, तर दादा मागोमाग आला आणि त्याने माझा हात धरला. रेघेवरच आहे बघ, म्हणाला. डबा केसभरही हलला नव्हता.

राहता राहिले वायफायवाले. फाटकापाशी जाऊन त्यांना फोन लावला आणि तीस वर्षांत सुट्टे पैसे न देणाऱ्यांना जे ऐकवलं नव्हतं ते त्यांना ऐकवलं. ते ऐकून घेत होते. मध्येच म्हणाले, थांबा, मी इथून बघतो. मग म्हणाले की वरच्या डब्याचं उत्तम आहे, नेट तुमच्या घरात पूर्ण येतंय, अडचण आत आहे, गुरुवारी येऊन बघतो. गुरुवार ऐकल्यावर माझा आवाजच बसला. मी ओरडायची थांबले आणि त्यांना खरं कारण सांगितलं. पोरीचं, गळ्याचं, दादाच्या कानांचं. कुणा परक्या माणसाला हे सगळं सांगेन असं मला वाटलं नव्हतं.

मग ते म्हणाले, “उद्या चारला येतो, बाई.”

बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी आले, पुन्हा धापा टाकत. राउटर कुठे, त्यांनी विचारलं. दादाने मोठ्या अभिमानाने त्यांना कपाटुलीसमोर नेलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कोपऱ्याच्या खाचेवरून अंगठा फिरवला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, बिजागरी बघितली. मग बोटाच्या पेराने कपाटुलीवर टकटक केलं. लाकडाच्या मागून पत्र्याचा खणखणाट आला. मला आला, त्यांना आला, दादाला अर्थातच आला नाही.

आत पत्रा कशासाठी, त्यांनी मला विचारलं. मी आगीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की पत्र्यातून सिग्नल बाहेर पडत नाही, खालच्या भोकांतून जे थोडंफार गळतं त्यावर तुमचा फोन चालत होता. मग थोडं अवघडून पुढे म्हणाले, शनिवारी मी भाऊंना मुद्दाम सांगितलं होतं, राउटर उघड्यावर ठेवा, कपाटात घालू नका, लोखंड-पत्र्याजवळ तर नकोच. भाऊंनी मान हलवली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड कुठलं, मिशीकडेच बघितलं. आणि कपाळावर हात मारला. दादाला त्यातलं एक अक्षर दिसलं असणं शक्य नव्हतं. आणि ज्या बाईने शेजारी उभं राहून सांगायचं, ती फाटकापाशी आनंद साजरा करत होती. चूक माझी आहे, मी म्हटलं. इतक्या साध्या सरळ शब्दांत मी हे वाक्य आयुष्यात फार वेळा उच्चारलेलं नाही.

काय झालं, दादाने विचारलं. माझे ओठ हलेनात. दहा दिवस जे फडक्याआड बांधून ठेवावे लागले, ते ओठ नेमके आता हलेनात. तुझ्या हातच्या कामामुळेच तुझी मुलगी तुला दिसत नव्हती, हे कसं सांगतात?

वायफायवाल्यांनी मला बाजूला केलं. मोबाईल दादाच्या हातात दिला, त्यावर सिग्नलचा पट्टा. दार बंद केलं, पट्टा आखडला. दार उघडलं, पट्टा लांबला. पुन्हा बंद, पुन्हा उघडं. तिसऱ्यांदा दादाने स्वतः केलं. मग त्याने आतल्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, हा? तेव्हा ते दादाच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, दोन बोटांनी स्वतःची मिशी वर उचलून धरली, आणि पहिल्यांदाच दिसलेल्या ओठांनी सावकाश म्हणाले, “पत्रा. उघड्यावर ठेवा.”

दादा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. “हे शनिवारी नाही का सांगायचं?” तो म्हणाला, आणि मग मी आणि वायफायवाले, दोघांनाही हसू आवरेना. दादाला वाईट वाटलं होतं, ते मला त्याच्या मानेवरून कळत होतं. पण तो कामाचा माणूस. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने राउटर सोडवला. शोकेसच्या वर ठेवा, मध्यावर, शिंगं उभी, फ्रिजपासून लांब, असं ते मिशी धरूनच सांगत होते आणि दादा ठेवत होता. मोबाईलवरचा आकडा दोनदा तपासून ते म्हणाले, मी खाली पायरीवर बसतो, तुमचं बोलणं होऊ द्या, अडलं तर हाक मारा. दुसरं घर वाट बघत असणार, तरी मी दिलेला चहाचा कप घेऊन जाऊन बसले.

साडेपाचला मुंगी आली. पडदाभर, स्वच्छ. डाव्या भुवईतला लहानपणचा व्रणसुद्धा दिसत होता. दादाने मोबाईल पुस्तकांना टेकवून ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. मी कडेला बसले. आमच्या घरात दुसऱ्याच्या बोलण्याकडे बघणं म्हणजे चोरून ऐकणं, म्हणून मान वळवायला हवी होती. मी वळवली नाही.

सुरुवातीला तिचं इकडचंतिकडचं चाललं होतं. दादाने तिला थांबवलं, तुझा चेहरा असा का, विचारलं. मग तिने सांगितलं. आवाज न काढता, नेहमीसारखं, नुसत्या ओठांनी. गाठ, नस, डॉक्टर. माझा आवाज जाऊ शकतो, बाबा. मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. वर्गातल्या चाळीस पोरांना हाक कशी मारणार, कविता कशी म्हणून दाखवणार, रस्त्यात कुणी मागून गेलं तर थांबवणार कसं. माणूस म्हणून मी निम्मी होईन, म्हणाली.

दादा काही बोलला नाही. इतका वेळ बोलला नाही, की तिने विचारलं, बाबा, चित्र अडकलं का? मीही घाबरून राउटरच्या दिव्यांकडे बघितलं. चित्र अडकलं नव्हतं. तो विचार करत होता.

“बारा वर्षांत तुझा आवाज माझ्या कानावर पडलेला नाही,” दादा म्हणाला. हे मात्र त्याने मोठ्याने म्हटलं, त्याच्या त्या सपाट, वर-खाली न होणाऱ्या आवाजात. “तुझं कुठलं बोलणं मला कळायचं राहिलंय का, सांग.”

मुंगीने तोंडावर हात घेतला. आमच्याकडे बोलताना तोंड झाकत नाहीत, ती काहीतरी बोलत होती आणि ते हाताआड होतं. हात काढ, दादा म्हणाला. तिने काढला.

नाही, तिचे ओठ म्हणाले. एकही नाही.

मग दादा म्हणाला की शाळेचं अवघड होईल, ते खोटं कशाला सांगू, त्याचं नंतर बघू. पण घरात तुझं काही अडणार नाही. आणि तू निम्मी वगैरे होणार असशील तर मी कधीचाच झालोय, तसं वाटतं का तुला? तिने जोरजोराने नकारार्थी मान हलवली, रडत आणि हसत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. फडकं त्या दिवशी सोडून टाकलं होतं. साडेसहाला तिने फोन ठेवला, तेव्हा खाली पायरी रिकामी होती. चहाचा कप मात्र धुऊन उपडा ठेवलेला होता.

गुरुवारी दुपारी जावयाचा मेसेज आला, ऑपरेशन नीट झालं. आवाजाचं काय ते आठ दिवसांनी कळेल, तोवर एक शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. मुंगी उशांना टेकून बसलेली, गळ्याला पांढरी पट्टी. जावई तिच्यामागे उभे राहून मला सांगत होते, आत्या, तिला बोलायला बंदी आहे, नुसतं बघू दे बाबांना दोन मिनिटं. त्यांनी मोबाईल तिच्यासमोर नीट लावून दिला आणि बिचारे चहा घ्यायला खाली गेले.

बापलेक पाऊण तास बोलत होते. मी मध्ये दोनदा बोलायला गेले, तर दोघांनीही मलाच गप्प बसवलं.